कानाला पापणी नसते

समजा तुमच्या वर्गाची सहल बीड जिल्ह्यातील धर्मापुरीला गेली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील केदारेश्वराचे दगडी मंदिर आणि तेथील जुना किल्ला पाहायचा बेत आहे. बाहेर मराठवाड्याचे ऊन रणरणते आहे. मंदिरात पाऊल टाकताच गारवा जाणवतो. कोणीतरी गंमत म्हणून "ओऽऽ" असे ओरडतो. दगडी भिंतींमुळे आवाज छान घुमतो. मग दुसरा ओरडतो, तिसरा ओरडतो आणि अर्ध्या मिनिटात चाळीस जण ओरडू लागतात. गुरुजी खांबांवरच्या कोरीव कामाची माहिती देत असतात, पण ती पुढच्या चौघांखेरीज कोणालाच ऐकू जात नाही. कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली एक आजीबाई उठते आणि काही न बोलता बाहेर निघून जाते.

या प्रसंगात दुष्टपणा कोणाचाच नाही. आजीबाईला त्रास द्यावा असे त्या चाळीस जणांपैकी एकाच्याही मनात नव्हते. तरीही त्रास झाला. सार्वजनिक ठिकाणच्या गोंगाटाचे हेच वैशिष्ट्य आहे, की तो करणाऱ्याला जाणवत नाही. म्हणून "गोंगाट करू नका" असा नुसता उपदेश करण्यापेक्षा आवाजाचे शास्त्र समजावून घेणे अधिक उपयोगाचे आहे असे मला वाटते. ते एकदा समजले की सभ्यपणा कोणी शिकवावा लागणार नाही.

सुरुवात कानापासून करू. नकोसे दृश्य समोर आले तर आपण डोळे मिटतो. कानाला मात्र निसर्गाने पापणी दिलेली नाही. झोपेतही कान उघडाच असतो. जंगलात राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना त्याचा फायदा होता, कारण रात्री जनावराची चाहूल लागली नसती तर ते वाचलेच नसते. पण तोच उघडा कान आज रात्री दोन वाजता वाजणारी वरातसुद्धा नाकारू शकत नाही.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. हवेतील कंपने कानाच्या पडद्यावरून, तीन चिमुकल्या हाडांमार्फत या पेशींपर्यंत पोहोचतात, तंतू हलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. पंधरा हजार ही संख्या मोठी वाटेल, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात हे ध्यानात घ्या. कानाच्या या मोजक्या पेशी मोठ्या आवाजाने एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, आपल्यात नाही. आणि त्या मरताना दुखतही नाही. म्हणूनच ढोलताशाच्या किंवा डीजेच्या भिंतीशेजारी रात्रभर नाचणाऱ्याला आपण काय गमावले हे पुष्कळ वर्षांनी कळते.

आता आवाजाच्या मापाकडे वळू. आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. कुजबूज सुमारे ३० डेसिबेल, साधे बोलणे सुमारे ६० डेसिबेल. यावरून कुजबुजीपेक्षा बोलणे दुप्पट मोठे असे समजाल, तर चूक होईल. हे माप गुणाकाराच्या चालीने चढते. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते, २० वाढले की शंभरपट, ३० वाढले की हजारपट. म्हणजे साध्या बोलण्यातील ध्वनीची तीव्रता कुजबुजीच्या हजारपट असते. आपल्या कानाला मात्र १० डेसिबेलची वाढ साधारण दुप्पट वाटते.

यातून एक मजेदार निष्कर्ष निघतो. दोन मंडळांमध्ये चढाओढ लागली आणि एकाने आपले कर्णे दुप्पट केले, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबेल! नाचणाऱ्यांना फरक जेमतेम जाणवतो. "दुप्पट मोठा" वाटावा यासाठी दहापट शक्ती लागते. पण कानाच्या पेशींचा हिशेब वेगळा आहे. ८५ डेसिबेल आवाजात आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची सीमा मानली, तर पुढच्या प्रत्येक ३ डेसिबेलला हा वेळ निम्मा होतो. ८८ला चार तास, ९१ला दोन तास, आणि असे करत १०० डेसिबेलला फक्त पंधरा मिनिटे! म्हणजे कर्णे दुप्पट केल्याने आनंद जवळजवळ तेवढाच राहतो आणि कानाची मुदत मात्र निम्मी होते. असा व्यवहार कोणता शहाणा दुकानदार करील?

कोणी म्हणेल, "आमचे कान आमचे आहेत, तुम्हाला काय त्याचे?" याचे उत्तर भूमितीत आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबेलने कमी होतो. अंतर दहापट झाले की २० डेसिबेलने. समजा, कर्ण्यापासून २ मीटरवर आवाज १०० डेसिबेल आहे. २०० मीटरवर अंतर शंभरपट झाले, म्हणजे आवाज ४० डेसिबेलने उतरून ६० राहिला. ६० डेसिबेल म्हणजे साधे बोलणे. याचा अर्थ, २०० मीटरवरच्या घरात एखादा अनोळखी माणूस उशाशी बसून अखंड बोलत असावा, तसा तो आवाज ऐकू येतो. निवासी भागासाठी रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबेल आहे. तेथपर्यंत उतरायला या हिशेबाने एक किलोमीटरहून अधिक अंतर लागते. मध्ये घरे, झाडे असली तर आवाज थोडा अडतो हे खरे, पण धर्मापुरीसारख्या गावात कर्ण्यापासून किलोमीटरभर दूर जायचे म्हणजे गाव सोडून शेतात जायचे!

शिवाय रात्र गोंगाटाला मदत करते. दिवसा जमीन तापलेली असते, जमिनीजवळची हवा गरम असते आणि आवाजाच्या लहरी वरच्या दिशेने वळतात. रात्री जमीन लवकर निवते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार राहते. तेव्हा लहरी खाली वळतात आणि दूरच्या घरांवर उतरतात. दिवसा ऐकू न येणारी आगगाडीची शिटी रात्री स्पष्ट ऐकू येते, तिचे एक कारण हेच. म्हणून "दिवसा एवढाच आवाज होता, तेव्हा कोणी बोलले नाही" हे म्हणणे टिकत नाही.

हे झाले कर्ण्यांचे. पण रोजचा गोंगाट कर्ण्यांचा नसतो, तुमच्या-आमच्या गळ्यांचा आणि खिशांतल्या यंत्रांचा असतो. परळीला जाणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडी भरलेली आहे. एक जण मोबाइलवर मोठ्या आवाजात चित्रफिती पाहू लागतो. शेजारच्या बाकावरचे दोघे बोलत असतात. त्यांना एकमेकांचे ऐकू येईना, म्हणून ते आवाज चढवतात. मागच्या बाईंना फोन येतो. गलक्यामुळे त्या ओरडून बोलतात. पहिल्याला आपली चित्रफीत नीट ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज आणखी वाढवतो. पंधरा मिनिटांत गाडीचा बाजार होतो आणि प्रत्येकाची तक्रार असते की बाकीचे फार आवाज करतात!

ही गोष्ट एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये शास्त्रीय रीतीने दाखवून दिली. ते कानाचे डॉक्टर होते. बोलत असलेल्या माणसाच्या कानात त्यांनी गोंगाट सोडला, तेव्हा त्याचा आवाज आपोआप चढला. गोंगाट थांबवला, तसा आवाज पूर्ववत झाला. गंमत म्हणजे आपला आवाज चढला किंवा उतरला हे त्या माणसाच्या ध्यानातही आले नाही. याला लोंबार परिणाम म्हणतात. पक्षी आणि देवमासेसुद्धा गोंगाटात आवाज चढवतात असे नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे.

माझ्या मते सार्वजनिक शिष्टाचाराचे मूळ या लोंबार परिणामात आहे. गोंगाट हा आगीसारखा पसरतो. एकाने ठिणगी टाकली की बाकीचे नकळत इंधन घालतात. पण याची दुसरी बाजू आशादायक आहे. जे साखळीने चढते ते साखळीने उतरतेही. एकाने आवाज कमी केला की शेजाऱ्याला ओरडायची गरज उरत नाही. "मी एकट्याने गप्प बसून काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की इतर बऱ्याच बाबतींत एकट्याने फारसे होत नसेल, पण आवाजाच्या बाबतीत होते. शिक्षकबंधूंनाही येथे एक सुचवावेसे वाटते. वर्गात गलका झाला की आपण त्याच्या वरच्या पट्टीत "शांत बसा!" म्हणून ओरडतो. तेव्हा आपणही त्याच साखळीचा एक दुवा होतो. काही वेळा आवाज खाली आणून बोलून पाहावे.

गोंगाटाने नुसती चिडचिड होते, अभ्यासावर काही परिणाम होत नाही, असे कोणास वाटत असेल तर त्याने न्यूयॉर्कच्या एका शाळेची हकिकत ऐकावी. या शाळेच्या इमारतीच्या एका बाजूला लागूनच उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग होता. दर काही मिनिटांनी गाडी धडधडत जाई आणि तेवढा वेळ शिकवणे थांबे. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतील आणि शांत बाजूच्या वर्गांतील मुलांची वाचनातील प्रगती ताडून पाहिली. शाळा एकच, अभ्यासक्रम एकच. तरी सहावीपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुले सुमारे वर्षभराने मागे पडलेली होती. हे निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रुळांखाली रबर बसवण्यात आले, वर्गांना आवाज शोषणारी छते लावण्यात आली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत दोन्ही बाजूंच्या मुलांतील फरक नाहीसा झालेला दिसला. मुले तशीच होती. कमी झाला तो गोंगाट.

आता आपल्या गावाकडे या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या आणि दहावीच्या परीक्षा असतात आणि लग्नांचा, जत्रांचा हंगामही तेव्हाच असतो. एका खोलीच्या घरात, दिव्याखाली गणिते सोडवणारी एखादी मुलगी. खिडकी लावली तर उकाडा, उघडली तर कर्णा. तिला वेगळी अभ्यासिका नाही, मागच्या बाजूची शांत खोली नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो शांतता विकत घेऊ शकतो. ज्याच्याकडे नाही त्याला ती शेजाऱ्यांनी द्यावी लागते. म्हणून गोंगाटाचा प्रश्न हा न्यायाचाही प्रश्न आहे. त्या मुलीचे दोन गुण गेले तर ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

आपल्या देशात याबाबत कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. सणासमारंभांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. २०१७च्या दुरुस्तीनंतर असे क्षेत्र राज्य शासनाने जाहीर करावे लागते. पण तुम्हीच विचार करा, अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयासमोर हॉर्न दाबू नये हे कळायला फलक लागावा काय?

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी गोंगाटाविषयी महत्त्वाचा निकाल दिला. त्या खटल्यामागची घटना दुःखद आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत होता. तिने मदतीसाठी मारलेल्या हाका शेजारी वाजणाऱ्या ध्वनिक्षेपकाच्या आवाजात कोणालाही ऐकू आल्या नाहीत. पुढे तिने प्राण गमावला. शांततेत जगणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. ऐकू येणे किती मोलाचे असते, हे या एका घटनेवरून समजावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला धर्माचा. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट केले, की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही. हे आपल्यालाही पटण्यासारखे आहे. धर्मापुरीचे मंदिर शेकडो वर्षांपूर्वी उभे राहिले. विजेचा ध्वनिक्षेपक विसाव्या शतकातला. मधल्या सगळ्या काळात देवाला ऐकू येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही. कीर्तनकार उभा राहून, टाळ-मृदंगाच्या साथीने, समोरच्या माणसांशी बोलत असे. ज्यांना ऐकायचे ते जवळ येऊन बसत.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. "मग काय गावात स्मशानशांतता हवी? जत्रा नको, खेळ नको, हसणे-खिदळणे नको?" नाही, मुळीच नाही. बाजारात आरोळी असणारच. मैदानावर मुले ओरडणारच, आणि त्यांनी ओरडावेच. आवाज म्हणजे गोंगाट नव्हे. माझ्या मते कसोटी एवढीच की, ज्याला हा आवाज नको आहे, त्याला येथून उठून जाता येते काय? मैदानातला आरडाओरडा नको असेल तर मैदानात न जाण्याची मोकळीक आहे. पण एसटीतला प्रवासी, रुग्णालयातला रोगी, पाळण्यातले बाळ आणि परीक्षेला बसलेली मुलगी यांना उठून जाता येत नाही. जेथे समोरच्याला जाता येत नाही, तेथे आपण आवाज आवरला पाहिजे.

दंडाने किंवा युक्तीने काही प्रमाणात काम होते. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही चौकांतील सिग्नलना ध्वनिमापक जोडले होते. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबेलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणजे जितका हॉर्न वाजवाल तितके जास्त थांबाल! या प्रयोगाची चित्रफीत जानेवारी २०२० मध्ये पुष्कळ गाजली. एरवी गोंगाटाचा भुर्दंड दुसऱ्याला पडतो, येथे तो करणाऱ्यालाच पडत होता, हे या युक्तीचे मर्म. मुंबईच्या 'बेस्ट' उपक्रमानेही एप्रिल २०२३ मध्ये बसगाड्यांत इअरफोनशिवाय मोबाइलवर गाणी व चित्रफिती मोठ्याने लावण्यास बंदी केली. पण प्रत्येक बाकाशेजारी पोलीस किंवा कंडक्टर उभा करता येत नाही.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा मार्ग. मुले अभ्यास सोडून मोबाइल आणि टीव्हीत गुंतली, म्हणून गावाने एकत्र बसून ठरवले, की रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतील. २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून हा उपक्रम सुरू झाला. हेतू गोंगाट कमी करणे हा नव्हता, अभ्यास हा होता. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. एका घराने टीव्ही बंद केला तर शेजारच्या घराचा ऐकू येतोच, सगळ्यांनी एकाच वेळी बंद केला तर सगळ्यांनाच शांतता मिळते. लोंबार परिणामावरचा हा गावाने शोधलेला उपाय म्हणता येईल.

शेवटी तुमच्यासाठी दोन सोपे प्रयोग सुचवतो. मोबाइलवर ध्वनिमापकाचे ॲप मिळते. ते अगदी अचूक नसते, पण तुलनेला पुरते. एका आठवड्यात तुमचा वर्ग, एसटी स्थानक, बाजार आणि रात्री दहानंतर तुमचे घर, अशा चार ठिकाणी ठरावीक वेळी मोजमाप घ्या आणि वहीत तक्ता करा. ५५ आणि ४५च्या रेघा त्यावर ओढा. नुसत्या तक्रारीपेक्षा असा तक्ता घेऊन ग्रामपंचायतीत गेलात तर तुमचे म्हणणे अधिक काळजीपूर्वक ऐकले जाईल.

दुसरा प्रयोग वर्गात करा. दोन-दोन मित्रांच्या जोड्या करून सर्वांना एकाच वेळी बोलायला सांगा आणि दर मिनिटाला मापन घ्या. मग कोणालाही न सांगता फक्त चार जोड्यांना हळूहळू आवाज उतरवायला सांगून ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा किती उतरला, आणि बाकीच्या जोड्यांना ते कळले का, हे पाहा.

आणि कधी धर्मापुरीला गेलात, तर त्या मंदिरात एक मिनिट सगळे मिळून गप्प उभे राहा. दगड अतिशय थोडा आवाज शोषतो, बाकीचा परत पाठवतो. त्यामुळे तेथे हळू बोललेलेही चांगले ऐकू येते. गुरुजींना ओरडावे लागणार नाही, तुम्हाला कोरीव कामाची माहिती मिळेल, आणि आजीबाईंना उठून जावे लागणार नाही.